घरचं गिऱ्हाईक

पहिल्यांदा मला वाटलं तो मासा आजारी आहे. चांगला हातभर लांब, अंगभर ठिपके, आणि प्रवाळाच्या एका मोठ्या ढेपेशेजारी आ वासून नुसता तरंगत होता, ना पुढे ना मागे, डेंटिस्टच्या खुर्चीत भूल चढायची वाट बघत बसलेल्या माणसासारखा. मी अंदमानात, स्वराज द्वीपजवळ, ज्याला आपण सगळे अजून हॅवलॉकच म्हणतो तिथे, सात-आठ मीटर पाण्याखाली, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, आणि माझ्या जॅकेटची मागची पट्टी इन्स्ट्रक्टर पोराने घट्ट धरून ठेवलेली, मांजर पिल्लाला मानेला धरते ना तशी. वय ४७. पोहायला शिकले ३९ व्या वर्षी, तेही डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलं म्हणून. तेव्हा निम्मं लक्ष समुद्राकडे आणि निम्मं श्वास येतोय ना, जातोय ना याच्याकडे.

तेवढ्यात बोटभर लांबीचा एक मासा, निळसर, डोळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळा पट्टा, नाचल्यासारखा वरखाली होत आला आणि सरळ त्या आ वासलेल्या तोंडात शिरला. गेला बिचारा, असं मी मनात म्हटलं, तोंडात नळी असल्यामुळे सगळं मनातच म्हणावं लागतं. तर कसलं काय. आत गेला, दाताशी काहीतरी खुडबुड केली, कल्ल्यातून बाहेर आला, परत शिरला. मोठ्याने तोंड किंचित मिटल्यासारखं केलं की छोटा पटकन बाहेर, आणि मोठा अंग झटकून चालता झाला. त्याची जागा रिकामी होते न होते तोच दुसरा पुढे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बाजूला आणखी तीन-चार मासे थांबलेत, वेगवेगळ्या जातींचे, एक तर चक्क डोकं वर शेपूट खाली करून, आणि कुणी कुणाला खात नाहीये. रविवार सकाळ, सलून, नंबर लागायची वाट बघत बसलेले काका लोक. फक्त पेपर नव्हता.

वर बोटीत आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला, "मॅम, वो क्लीनिंग स्टेशन था. उधर रोज वही रॅस बैठता है, सब उसके पास आते हैं." रोज तोच, तिथेच, आणि सगळे त्याच्याकडे. मला का कोण जाणे तेव्हाच ठाण्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगचा जिना आठवला, पण ते पुढे सांगते.

घरी आल्यावर हा विषय काही सुटेना. दोन-तीन महिने जेवणं झाली की तेच वाचत बसायचे, नवरा म्हणाला या वयात पीएचडी करतेस की काय. तर हा ब्लूस्ट्रीक क्लीनर रॅस. लाल समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत जिथे जिथे प्रवाळ आहेत तिथे जवळपास सगळीकडे याचं दुकान. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड आयलंड म्हणून एक बेट आहे, तिथे अलेक्झांड्रा ग्रटर या बाईंनी १९९० च्या दशकात या माशांच्या मागे लागून अक्षरशः मोजदाद केली. एक क्लीनर दिवसाला साधारण २,३०० मासे तपासतो आणि १,२०० च्या आसपास परजीवी खातो. परजीवी म्हणजे मुख्यतः ग्नॅथिड नावाचे बारके कवचवाले किडे, समुद्रातले गोचीडच म्हणा, चिकटतात आणि रक्त पितात. पोपट माशांच्या काही जाती रात्री झोपताना स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी तयार करतात, ती कशासाठी यावर बरीच वर्षं वेगवेगळे तर्क होते, ग्रटरबाईंच्या टीमने प्रयोग करून दाखवलं की ती या गोचिडांपासून वाचवते. म्हणजे मच्छरदाणी! रात्री क्लीनर झोपलेला असतो ना, दुकान बंद, मग ज्याची त्याने सोय करायची.

आणि या साफसफाईने खरंच फरक पडतो का, की आपली उगाच हौस, तर त्याचंही उत्तर लिझर्ड आयलंडवरच मिळालं. काही छोट्या छोट्या रीफवरून, म्हणजे प्रवाळांच्या वस्त्यांवरून, सगळे क्लीनर काढून टाकले, पुन्हा आले की पुन्हा काढले, असं तब्बल साडेआठ वर्षं. शेवटी मोजलं तर त्या रीफवर कायमचे राहणारे मासे इतर रीफपेक्षा ३७ टक्के कमी आणि त्यांच्या जाती २३ टक्के कमी. बोटभर मासा हो. तो गेला तर अख्ख्या वस्तीची वर्दळ कमी झाली.

आता शाळेत आपल्याला सहजीवन म्हणून काय शिकवलं होतं? म्हशीच्या पाठीवरचा बगळा, शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी, शैवाल आणि बुरशी मिळून झालेलं दगडफूल, जे आपण गोड्या मसाल्यात घालतो, आणि शेवटी ती ओळ, अशा प्रकारे दोघांचाही फायदा होतो. दोन मार्क. ओळ खोटी नाही. पण ती लग्नाच्या अल्बमसारखी आहे, सगळे हसतायत, आदल्या रात्री मानपानावरून काय झालं ते त्यात दिसत नाही.

आदल्या रात्रीचं बघायला इजिप्तला जावं लागतं, लाल समुद्रात, रास मोहम्मदच्या रीफवर. तिथे रेदुआन बशारी नावाचा शास्त्रज्ञ याच माशांकडे वर्षानुवर्षं बघत बसला, सध्या तो स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल विद्यापीठात असतो, आणि पुढे ग्रटर आणि बशारी दोघांनी मिळूनही बरंच काम केलं. त्यांनी दाखवलं ते असं, की या छोट्या माशाला मुळात गोचीड तितकेसे आवडतच नाहीत. खातो, पोट भरतो, पण जीव सगळा अडकलाय तो गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात. दोन्ही समोर ठेवलं तर तो बुळबुळीत थरच निवडतो. आणि तो थर म्हणजे माशाचं चिलखत, तो परत तयार करायला त्याला खर्च येतो. म्हणजे न्हावी मन लावून दाढी करतोय खरी, पण मधूनच गालाचा लचका तोडायचा मोह त्याला आवरत नाही. असा लचका तोडला की गिऱ्हाईक एकदम दचकतं, अंगाला झटका बसतो, आणि शास्त्रज्ञ ते झटके मोजतात. एका झटक्याला एक लबाडी.

इथे मला कोळीण मावशी आठवली. खरं तर आधीच आठवली होती.

आम्ही सीकेपी, त्यामुळे मासे हा विषय घरात राजकारणापेक्षा सिरियस. बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी साडेनऊ-दहाला मावशी यायची, टोपली जिन्याखाली टेकवायची आणि खालूनच हाक द्यायची. मग वरच्या तीन मजल्यांवरून बायका खाली. मावशी आईच्याच वयाची असेल, पण ती सगळ्यांची मावशी, आणि ती मात्र सगळ्यांना अरे-तुरे करायची, अगदी दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मामलेदारांनासुद्धा, कोळणी कुणाला अहो-जाहो करत नाहीत. पंचवीस-सव्वीस वर्षं आईने तिच्याशिवाय कुणाकडून मासे घेतले नाहीत. आणि इतकी वर्षं आईची तक्रार एकच, की हिला आपली किंमत नाही. कारण समोरच्या नव्या टॉवरमधली एखादी बाई रस्त्यावरून जाता जाता डोकावली की मावशी आधी तिला पापलेटचा जोडा काढून द्यायची, टोपलीतला सगळ्यात चांगला, आणि आई ताटली घेऊन बाजूला उभी. काही बोललं तर, "थांब गो बाय, तू काय, घरचीच हायस."

तर बशारींनी रास मोहम्मदला नेमकं हेच बघितलं. रीफवर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं असतात. एक, छोट्या इलाख्यात राहणारी, त्यांच्या हद्दीत एकच क्लीनर, गेलं तर त्याच्याकडेच जायचं. दुसरी, लांबवर हिंडणारी, ज्यांना दोन-तीन दुकानं माहीत असतात. दोघं एकाच वेळी आली तर क्लीनर आधी हिंडणाऱ्याकडे जातो. घरच्याला थांबवतो. कारण घरचा कुठे जाणारे? हिंडणाऱ्याला ताटकळत ठेवलं किंवा चावलं तर तो पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, हेही त्यांनी नोंदवलं. निष्ठेची ही किंमत. पंचवीस वर्षांची.

ही अक्कल साधी नाही बरं का. प्रयोगशाळेत या माशांना दोन रंगांच्या ताटल्या दिल्या, दोन्हींवर सारखंच खाणं, पण एक ताटली अशी की तिच्याकडे आधी गेलं नाही तर ती उचलून नेतात, दुसरी थांबून राहते. म्हणजे आधी पाहुणा, मग घरचा, एवढं कळलं की दोन्हीकडचं मिळतं. हाच खेळ चिंपांझी, ओरांगउटान आणि कापुचिन माकडांना दिला. २०१२ साली निकाल छापून आला, त्यात मोठ्या वयाचे क्लीनर मासे या सगळ्यांपेक्षा सरस ठरले. पण क्लीनरची लहान पिल्लं मात्र त्यात कच्ची निघाली. हा धडा जन्मतः येत नाही, गल्ल्यावर बसावं लागतं.

मग गिऱ्हाइकाने करायचं काय? तर ज्याचं त्याचं हत्यार वेगळं. हिंडणारा निघून जातो. घरचा निघून जाऊ शकत नाही, तो चावलेल्या क्लीनरच्या मागे लागतो, पळवतो, पुढच्या वेळी क्लीनर जरा जपून वागतो. आणि जो मुळात मासे खाणाराच आहे, माझ्या त्या ठिपकेवाल्यासारखा, त्याला तर क्लीनर शक्यतो चावतच नाही, कारण उघड आहे. आमच्या जिन्याखाली तळमजल्यावरचे हवालदार काका मासे घ्यायला उतरले की मावशी वजन करायच्या आधीच एक तुकडा जास्त टाकायची. बायका एकमेकींकडे बघायच्या. बोलायचं कुणीच नाही.

आईचं हत्यार मात्र वेगळंच होतं. मावशीने एखाद दिवशी कालचा बांगडा आजचा म्हणून खपवायचा प्रयत्न केला, आणि ती करायची, वर्षातून चार-पाच वेळा तरी, तर आई भांडायची नाही. ती तो मासा हातात घ्यायची, अंगठ्याने कल्ला उघडायची, उजेडात धरायची आणि जिन्यात घुमेल अशा आवाजात म्हणायची, "मावशी, हे काय गं, चॉकलेटी झालेत की कल्ले." बस. खाली बसलेल्या चारही बायकांचे हात थांबायचे. कुणी आपल्या वाट्यातली मांदेली परत टोपलीत ठेवायची. मावशी मग, अगो तो चुकून वर आला, हा घे, असं करत खालून लाल कल्ल्यांचा ताजा काढायची.

बघणारे असले की वागणं सुधारतं, हेही ग्रटर-बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आणि पुढे २०११ मध्ये माशांवर सिद्ध करून दाखवलं. नंबरला थांबलेला मासा आधीच्याचं काय चाललंय ते बघत असतो. क्लीनर नीट काम करतोय असं दिसलं तर तो पुढे येतो, आधीचा दचकताना दिसला तर काढता पाय घेतो. आणि क्लीनरला ते माहीत असतं, कुणी बघत असलं की त्याच्या लबाड्या कमी होतात. प्रेमबीम काही नाही, जिन्याखालच्या चार बायका.

पण एवढंच असतं तर मीही नाक मुरडून पुढे गेले असते. मला जास्त आवडलं ते मालिश. क्लीनर काही खात नसतानाही कधीकधी गिऱ्हाइकाच्या पाठीवर बसल्यासारखा होतो आणि पोटाखालच्या परांनी त्याचं अंग हलकेच घासत राहतो, नुसतंच. चावल्यानंतर रुसलेल्या गिऱ्हाइकाला थांबवायला करतो, मासे खाणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला करतो. आता यात त्या दुसऱ्या माशाला काय मिळत असेल? तर एका टीमने सर्जनफिश टाकीत ठेवले आणि हलणाऱ्या क्लीनरच्या बाहुल्या करून त्यांच्याजवळ ठेवल्या, खोटे मासे, गोचीड खाणं शक्यच नाही, फक्त अंगाला घासणार. त्या माशांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरलं. मूठभर करंदी वर टाकणं, "पोरीची बारावी ना यंदा, निवट्या खायला घाल तिला" म्हणणं, दोन ओले बोंबील पैसे न धरता ताटलीत सरकवणं, याला मी इतकी वर्षं मार्केटिंग समजत होते. मार्केटिंग होतंच. पण आईच्या कपाळावरची आठी खरीच जायची, हेही मी बघितलेलं आहे.

या माशांचं घरातलं राजकारण वेगळंच. एक नर आणि त्याच्या इलाख्यात चार-सहा माद्या. नर-मादी जोडीने एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला साफ करत असताना मादीने मोह होऊन लचका तोडला आणि गिऱ्हाईक पळालं, तर नर मादीच्या मागे लागतो, तिला हाकलतो, धडा शिकवतो. २०१० च्या एका प्रयोगात हे नीट दिसलं. समाजासाठी न्याय वगैरे काही नाही, त्याचं जेवण गेलं म्हणून राग. आणि गंमत अशी की नर मेला की सगळ्यात मोठी मादी तासा-दोन तासांत नरासारखी वागायला लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरचा नर होते, हे हेरॉन आयलंडवर १९७२ मध्येच नोंदवलंय. समुद्रफुलात राहणाऱ्या त्या नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशचं बरोब्बर उलटं, तिथे मादी घरात मोठी, ती गेली की तिचा नवरा मादी होतो आणि खालच्या नंबरचा बढती घेऊन नवरा. बाकीची पोरं तर मुद्दाम वाढ रोखून लहान राहतात, वरच्याला आपण डोईजड वाटू नये म्हणून. जॉइंट फॅमिली बघितलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

नकली दुकानंही असतात. ब्लेनी म्हणून एक मासळी आहे, हुबेहूब क्लीनरसारखी, तोच निळा रंग, तोच पट्टा, चालही तशीच नाचरी, आणि मासा विश्वासाने जवळ आला की त्याच्या पराचा तुकडा तोडून पसार. देवगड लिहिलेल्या पेटीतून दर मे महिन्यात कर्नाटकचा आंबा खाणाऱ्या आपण तिला फार नावं ठेवू नयेत. आणि हो, खऱ्या क्लीनरच्या गळ्याखाली शास्त्रज्ञांनी किड्यासारखा दिसणारा तपकिरी ठिपका लावला, समोर आरसा ठेवला, तर तो आरशात बघून गळा वाळूवर घासायला लागला. २०१९ चं हे काम, जपानमधल्या ओसाकाचं. माशाला आरशातला आपणच आहोत हे कळतं की नाही यावर अजून वाद घालतात लोक. मला विचाराल तर सलूनवाल्याला आरसा कळणार नाही तर कुणाला.

सगळेच व्यवहार असे डोळ्यात तेल घालून करायचे नसतात म्हणा. त्याच डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टरने वाळूत एक बीळ दाखवलं, तोंडाशी एक गोबी मासा बसलेला आणि आतून एक कोळंबी बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येत होती, परत आत, परत बाहेर. पिस्तूल कोळंबी. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि त्या क्षणी आत निदान ५,००० केल्विन तापमान होतं असं मोजलंय. एवढं पिस्तूल बाळगते आणि डोळ्यांनी जवळपास आंधळी. म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली. गोबीने शेपूट थरथरवली की दोघं आत. बीळ तिने खणायचं, पहारा त्याने द्यायचा, राहायचं दोघांनी. बाबांना शेवटची काही वर्षं काचबिंदूमुळे फारच कमी दिसायचं, बाजारात जाताना ते आईच्या पिशवीचा एक बंद धरून चालायचे. आई थांबली की थांबायचे. का थांबली असं कधी विचारायचे नाहीत.

पण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो व्यवहार डोळ्यांना दिसतच नाही. प्रवाळ म्हणजे प्राणी, तेही इवले इवले, आणि त्यांच्या पेशींच्या आत राहतं एकपेशीय शैवाल. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि त्यातली कधीकधी ९० टक्क्यांपर्यंत घरमालकाला देतं, मालक त्याला जागा देतो, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःचा टाकाऊ नायट्रोजन देतो. पोवळ्याच्या खडकांचा रंग बहुतेक या भाडेकरूंचाच. एवढं भाडं कुठलाच भाडेकरू देत नसेल, पागडीवाले तर नाहीच नाही. मात्र पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम एक अंशाने वर गेलं आणि तसंच चार-एक आठवडे राहिलं की शैवालाचं यंत्र बिघडतं, त्यातून घातक प्रकारचा ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ त्याला बाहेर काढून टाकतं. मग खाली उरतो पांढरा सांगाडा आणि वर पारदर्शक, उपाशी प्राणी. लगेच मरत नाही. पाणी निवलं आणि भाडेकरू परत आले तर जगतं. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असं पुन्हा पुन्हा सोसलंय, अंदमानात २०१० चा फटका मोठा होता. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं अख्खं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, आणि मुंबईत हाजीअलीच्या खडकांवरसुद्धा आहेत, ओहोटीला नीट बघितलं तर दिसतात. पाणी सगळीकडे तेच.

माझ्या इन्स्ट्रक्टरने एका जागी थांबून हात आडवा फिरवला होता. मला वाटलं काहीतरी दाखवतोय, मी शोधत बसले. तिथे नुसते तुटके, करड्या रंगाचे दांडके पसरले होते, चुलीत विझलेल्या काटक्यांसारखे. तेच दाखवत होता तो.

लिझर्ड आयलंडचं पुढे काय झालं ते मला सगळ्यात शेवटी सापडलं. २०१४ आणि २०१५ ला लागोपाठ दोन चक्रीवादळं, मग २०१६ ला मोठं ब्लीचिंग, म्हणजे तेच प्रवाळांचं पांढरं पडणं. क्लीनरांची संख्या ८० टक्क्यांनी घसरली, गिऱ्हाइकंही घटली, पण क्लीनरांइतकी नाही. इथपर्यंत अपेक्षित होतं. पण संशोधकांनी उरलेल्या क्लीनरांना तीच ताटल्यांची परीक्षा दिली, ती, चिंपांझींना जड गेलेली, आणि ते नापास व्हायला लागले. पाहुणा आधी की घरचा, कळेना. कुणी बघत असताना नीट वागावं, तेही जमेना. २०१८ मध्ये छापून आलं हे. जात तीच, पण एका दुकानामागे गिऱ्हाइकं आणि दुकानांमधली चुरस दोन्हींचं गणित बदललं, तर ती हुशारी वापरायचं कारणच राहिलं नाही, बहुधा. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि उगाचच गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आमची बिल्डिंग २०१५ ला रिडेव्हलपमेंटला गेली. परत आलो ते बाविसाव्या मजल्यावर, खाली सिक्युरिटी, विक्रेत्यांना मज्जाव, जिना आहे पण तो आगीसाठी. मावशी सुरुवातीला गेटबाहेर बसायची. मग तिची सून यायला लागली, ती पोरगी चांगली होती पण सगळ्यांना एकच भाव सांगायची, कुणाला आधी नाही, कुणाला नंतर नाही, वर काही टाकायची नाही, आणि रस्त्यावरची नवी गिऱ्हाइकं तिच्याकडून हळूहळू तुटली. मग तीही येईनाशी झाली. टॉवरमधल्या बायका आता एकमेकींना लिफ्टमध्ये भेटतात, मोबाइलकडे बघत.

आई ॲपवरून मासे मागवते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा सुरमई आलेली होती, बर्फाच्या पाकिटासकट, धुतलेली, कापलेली, सगळे तुकडे एका जाडीचे. आईने एक तुकडा नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"परत कर ना मग," मी म्हटलं.

"काय सांगू? कल्ले कुठे उघडून दाखवू? डोकंच नाही पाठवत मेले." आणि मग त्या ॲपवर पाच स्टार दिले, कारण आणून देणारा मुलगा गरीब होता आणि उन्हातून आला होता.

जेवण झाल्यावर मी तिला माझा अंदमानचा व्हिडिओ दाखवला. इन्स्ट्रक्टरनेच काढलेला, थोडा हललेला, माझे बुडबुडे मध्ये मध्ये. क्लीनर तोंडात शिरतो तिथे थांबवून मी सगळं सांगितलं, लचका, दचकणं, पाहुणा आधी घरचा नंतर, पोटाखालच्या परांनी मालिश. आई ऐकत होती की नाही कळेना, वाटी विसळत होती. मग हात पुसून जवळ आली.

"चावतो, आणि तरी परत त्याच्याकडेच जातात?"

"जातात. दिवसातून कितीतरी वेळा."

"हं," आई म्हणाली. "आणि हा मोठा कुठला? तोंड उघडून बसलाय तो?"

"ग्रूपर. म्हणजे आपला हेकरू."

"हेकरू होय!" तिने चष्मा वर केला आणि स्क्रीनला नाक लागेल इतकी वाकली. "एवढा मोठा? मावशी आणायची कधीतरी. तुकड्यांचे पैसे चोख घ्यायची, त्यातही एखादा बारीक कापायची हळूच, माझं लक्ष नाही बघून. पण डोकं असंच द्यायची, वर. तुझ्या बाबांना आवडायचं ना."